शिक्षणकर्जाचे तीन हप्ते थकले आहेत. अण्णांनी जमीन विकावी का?

परभणी जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लांब असल्यामुळे येथे थोडक्यात देतो.

"2020 मध्ये मी छत्रपती संभाजीनगरला यांत्रिकी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेतून वर्षाला 1,05,000 याप्रमाणे चार वर्षांत 4,20,000 रुपये शिक्षणकर्ज मिळाले. व्याज 10 टक्के आहे आणि वडील, म्हणजे अण्णा, सहकर्जदार आहेत. 2024 मध्ये पदवी मिळाली. सध्या वाळूजला एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून 16,000 रुपयांवर आहे. पदवीनंतरचे हप्ता न भरण्याच्या सवलतीचे वर्ष संपले तेव्हा बँकेने 5,67,000 रुपये बाकी सांगून सुमारे 7,500 रुपयांचा हप्ता बांधला. सुरुवातीचे हप्ते भरले. नंतर सोयाबीन पाण्यात गेले आणि घरीच पैसे पाठवावे लागले, त्यामुळे आता तीन हप्ते थकले आहेत. वसुलीवाला गावात आला आणि पारावर चारचौघांत अण्णांना बोलला, तुरुंगाची भाषा केली. अण्णा तेव्हापासून जेवत नाहीत. एक एकर विकून टाकू म्हणतात. भावकीतले लोक म्हणतात, भरू नकोस, निवडणुकीच्या तोंडावर माफी होणारच. धाकट्या बहिणीला औषधनिर्माणशास्त्राला घालायचे आहे, तिलाही आता कर्ज मिळणार नाही असे वाटते. चौथ्या हप्त्याला पंधरा दिवस आहेत. काय करावे?"

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. चौथ्या हप्त्याला पंधरा दिवस आहेत, म्हणजेच सर्वांत जुना थकलेला हप्ता नव्वद दिवसांचा व्हायलाही साधारण तेवढेच दिवस उरले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरते. त्याआधीच्या थकबाकीचे तीन टप्पे असतात: तीस दिवसांपर्यंतचा पहिला, साठ दिवसांपर्यंतचा दुसरा आणि नव्वद दिवसांपर्यंतचा तिसरा. तुमचे खाते आज तिसऱ्या टप्प्यावर आहे.

या पंधरा दिवसांना इतके महत्त्व का, ते नीट समजून घ्या, कारण बँकेच्या काउंटरवर हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. आज तुम्ही एक हप्ता, म्हणजे साडेसात हजार रुपये भरलेत, तर ते सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतात आणि नव्वद दिवसांची मोजणी महिनाभर मागे सरकते. खाते एकदा एनपीए झाले, की मात्र एखाददुसरा हप्ता भरून ते नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केले आहे की व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित गणता येत नाही. त्यामुळे आज जे काम साडेसात हजारांत होते, त्यालाच पंधरा दिवसांनंतर चार हप्त्यांचे मिळून सुमारे तीस हजार आणि वर दंडाची रक्कम लागेल. मित्राकडून उसने घ्या, कारखान्यातून उचल घ्या, पण चौथ्या हप्त्याची तारीख येण्यापूर्वी एक हप्ता खात्यात जमा करा आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जात काय असावे ते पुढे सांगतो.

आता अण्णांविषयी. त्यांना आज संध्याकाळीच फोन करून सांगा की शिक्षणकर्ज थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. बँकेला पैसे हवे असतील तर तिला दिवाणी मार्गानेच जावे लागते. वीस लाखांच्या आतल्या रकमेसाठी दिवाणी न्यायालय आहे. त्याहून मोठ्या रकमांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण असते, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. न्यायालयाने बँकेच्या बाजूने हुकूमनामा दिला, तरी केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, ऐपत असूनही तो मुद्दाम टाळतो आहे हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले आहे. एक अपवाद मात्र लपवून ठेवत नाही. धनादेश न वटणे, किंवा खात्यातून आपोआप हप्ता कापण्यासाठी दिलेला आदेश पैशांअभावी परत जाणे, यावर कायद्याने फौजदारी कारवाई होऊ शकते. त्यासाठी बँकेने आधी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. म्हणून अशी नोटीस आली तर ती न उघडता कोनाड्यात ठेवू नका, आणि वसुलीवाल्याने मागितला म्हणून अण्णांनी सही केलेला कोरा धनादेश त्याच्या हाती मुळीच देऊ नये. माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेल्या बहुतेक रडकथांची सुरुवात अशा कोऱ्या धनादेशानेच झाली होती.

जमिनीबाबत माझे मत स्पष्ट आहे: आज विकू नका. साडेसात लाखांपर्यंतचे शिक्षणकर्ज बहुधा तारणाशिवाय, केंद्राच्या पतहमी निधीच्या आधारावर दिलेले असते. तुमच्या मंजुरीपत्रात तारणाचा उल्लेख नसेल आणि सातबाऱ्यावर या कर्जाचा बोजा नसेल, तर बँकेला त्या शेताला थेट हात लावता येत नाही. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो 2002 चा कायदा बँका वापरतात, तो शेतजमिनीला लागूच होत नाही. दिवाणी दावा होऊन हुकूमनामा झाला तर जमिनीवर जप्ती येऊ शकते, हे खरे आहे. पण तो टप्पा फार लांबचा आहे आणि तेथवर जाण्याची तुम्हाला गरज नाही. त्या टप्प्यावरसुद्धा शेतकऱ्याचे राहते घर, औते, बैल आणि बियाणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार जप्तीतून वगळलेले असतात. घाईत विकलेल्या एकराला गावात काय भाव मिळतो, आणि गरजवंताची घाई ओळखून तो किती पाडून मागितला जातो, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

बँकेकडे पतहमी आहे म्हणजे कर्ज फिटले, असाही गैरसमज करून घेऊ नका. ती हमी बँकेच्या नुकसानीसाठी असते. तुमचे देणे तसेच राहते आणि वसुली चालूच राहते. बँकेने एखादे कर्ज निर्लेखित केले, ज्याला लोक 'राइट ऑफ' म्हणतात, तर तेही बँकेच्या हिशेबाच्या वह्यांपुरते असते. तीन वर्षे गप्प बसले की कर्ज बुडते, हे पारावरचे ज्ञानही अर्धवट आहे, कारण मधल्या काळात थोडी रक्कम स्वतः भरली किंवा देणे मान्य असल्याच्या कागदावर सही केली, की मुदत नव्याने मोजली जाते.

वसुलीवाल्याने जे केले ते नियमांत बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकी देणे, शिवीगाळ करणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना किंवा मित्रांना गाठून त्रास देणे हे सर्व निषिद्ध आहे, आणि वसुली एजन्सीच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते. तो पारावर कोणत्या तारखेला, किती वाजता आला, काय बोलला आणि कोण हजर होते, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. तक्रार आधी शाखेत लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, आणि 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र हप्त्याचा अर्ज आणि ही तक्रार एकाच कागदात मिसळू नका, कारण तसे केले की शाखेतील माणूस तक्रारीचेच उत्तर लिहीत बसतो आणि अर्ज तसाच पडून राहतो.

आता माफीची गोष्ट, कारण मला वाटते तुमचे खरे नुकसान तेथे होऊ शकते. आपल्या भागात कर्ज म्हटले की पीककर्ज आणि सरकार म्हटले की माफी, असे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले आहे, आणि ते अगदी निराधार नाही. 2008 मध्ये केंद्राची कर्जमाफी झाली. 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने दीड लाखापर्यंतची आणि 2019 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची राज्याची योजना आली. या तिन्हींचा विषय शेतीकर्ज हा होता. शिक्षणकर्ज त्यांत नव्हते. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली की सवलतींचा जो शासन निर्णय निघतो, त्यातही शब्द असतात ते 'शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती' असे. घर तेच, पाण्यात गेलेले पीक तेच, पण मुलाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्या शब्दांत बसत नाही. मला हा भेद अन्यायाचा वाटतो, कारण शेतकऱ्याच्या घरात शिक्षणकर्जाचा हप्ताही शेवटी त्याच सोयाबीनच्या पैशातून जातो. पण माझ्या वाटण्याने तुमचे खाते नियमित होणार नाही.

शिक्षणकर्जाला देशपातळीवर जो एक मोठा दिलासा मला आठवतो, तो फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम अर्थसंकल्पातला. 31 मार्च 2009 पर्यंत घेतलेल्या कर्जांवर 31 डिसेंबर 2013 रोजी जे व्याज थकले होते, ते केंद्राने स्वतःच्या अंगावर घेतले. त्यातही माफ झाले ते फक्त व्याज. मुद्दल आणि पुढचे व्याज विद्यार्थ्यांनाच भरावे लागले. तेव्हा भावकीतले जे लोक आज थांबायला सांगत आहेत, त्यांना एवढेच विचारा की नव्वदाव्या दिवशी ते सोबत बँकेत येणार आहेत का.

न भरण्याची खरी शिक्षा तुरुंगात नसून पतनोंदीत, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, असते. ही नोंद ठेवणाऱ्या सिबिल कंपनीचा गुणांक 300 ते 900 या दरम्यान असतो, आणि हप्ता थकल्याची नोंद तुमच्या नावावर तशीच सहकर्जदार म्हणून अण्णांच्याही नावावर होते. पुढच्या हंगामात ते पीककर्जाच्या नूतनीकरणाला जातील, तेव्हा हीच नोंद आडवी येण्याची शक्यता आहे. तुम्ही स्पर्धा परीक्षेचा विचार करीत असाल, तर सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचा. रुजू होताना पतनोंद चांगली असण्याची अट त्यांत असते. कारकुनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन थकीत कर्जामुळे नियुक्ती हुकणे, ही गोष्ट आता ऐकीव राहिलेली नाही. पासपोर्टविषयी घाबरू नका, तो जप्त करण्याचा अधिकार बँकेला नाही.

दंडाविषयी एक नियम लक्षात ठेवा. पूर्वी बँका व्याजाच्या दरातच दंडव्याज मिसळत आणि त्यावर पुन्हा व्याज चढत असे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने ते बंद केले. 2024 पासून दंड हा स्वतंत्र 'दंडात्मक शुल्क' म्हणूनच लावता येतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारता येत नाही, आणि तो वाजवी असावा लागतो. खाते उतारा मागवून ही ओळ शोधा.

उतारा हातात आला की आणखी एक गोष्ट पाहा, कारण 4,20,000 चे 5,67,000 कसे झाले हे तुम्ही विचारलेले नसले तरी ते विचारायला हवे होते. वर्षाला 1,05,000 याप्रमाणे घेतलेल्या चार रकमांवर पदवी आणि सवलतीचे वर्ष धरून अनुक्रमे पाच, चार, तीन आणि दोन वर्षांचे सरळव्याज 10 टक्क्यांनी 1,47,000 होते. म्हणजे बँकेचा हिशेब बरोबर आहे. प्रश्न असा आहे की हे व्याज तुमच्यावर पडायला हवे होते का. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचे व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना 2009 पासून आहे आणि तिचा दावा विद्यार्थी नव्हे, तर कर्ज देणारी बँक केंद्राने यासाठी नेमलेल्या कॅनरा बँकेमार्फत करते. महाविद्यालय नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांकडून मूल्यांकित असावे लागते आणि तहसीलच्या उत्पन्नाचा दाखला बँकेकडे दिलेला असावा लागतो. तुमचे घर कोरडवाहू शेतीवर चालते, तेव्हा उत्पन्नाची अट तुम्ही बहुधा पूर्ण करीत होता. दाखला दिला होता का, दिला असेल तर दावा का गेला नाही, हे शाखेला लेखी विचारा. मागच्या वर्षांचा दावा आता मान्य होईलच असे वचन मी देत नाही, पण मान्य झाला आणि बाकी 4,20,000 वर आली, तर दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता साडेसात हजारांऐवजी सुमारे 5,550 होतो. एवढ्या फरकासाठी एक अर्ज करणे परवडते.

आता मुख्य अर्ज. शिक्षणकर्जाची जी आदर्श योजना बँकांच्या संघटनेने आखली आहे, तिच्यात परतफेड पंधरा वर्षांपर्यंत नेता येते. बेकारी किंवा अपुऱ्या पगाराच्या काळात एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, कर्जाच्या संपूर्ण मुदतीत दोन-तीन वेळा हप्ते लांबवता येतात. आणि सुरुवातीला लहान व पुढे वाढत जाणारे हप्तेही बांधता येतात. हे देणे शाखाधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि त्या बँकेच्या धोरणावर अवलंबून असते, पण कोणी मागितलेच नाही तर ते आपण होऊन कोणी देत नाही. तुमच्या 5,67,000 वर 10 टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता 7,493 होतो आणि पंधरा वर्षांचा 6,093. दरमहा चौदाशे रुपये वाचतात, मात्र एकूण जवळपास दोन लाख रुपये जास्त भरावे लागतात. म्हणून माझी सूचना अशी की आता मुदत वाढवून घ्या आणि पगार वाढला की जास्तीची रक्कम मुद्दलात भरत जा. लवकर फेडल्याबद्दल काही आकार आहे का, हे मंजुरीपत्रात पाहून घ्या. हप्त्याची तारीखही बदलून मागा. पगार दहा तारखेला होत असेल आणि खात्यातून हप्ता पाच तारखेला कापला जात असेल, तर खात्यात पैसे नसल्याचा आकार दर महिन्याला विनाकारण बसतो. मी पाहिलेल्या कितीतरी थकबाक्यांमागे एवढेच कारण होते.

'सेटलमेंट' करा, थोडक्यात मोकळे व्हा, असे कोणी सुचवले तर सध्या नाही म्हणा. तडजोडीने मिटवलेले कर्ज पतनोंदीत पूर्ण फेडलेले म्हणून दिसत नाही आणि ती नोंद वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. मुदतवाढीचीही पतनोंदीत कशी नोंद होणार आहे, ते सही करण्यापूर्वी विचारून घ्या. शाखेने दाद दिली नाही, तर प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक असतो, त्याच्याकडे अर्जाची प्रत द्या. प्रकरण न्यायालयापर्यंत जाण्याची चिन्हे दिसली, तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दावा दाखल होण्यापूर्वीच ते लोकअदालतीत घेता येते आणि तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. मात्र तेथील निवाड्यावर अपील होत नाही, म्हणून जो हप्ता झेपणार नाही त्याला तेथे हो म्हणू नका. पूर किंवा दुष्काळ यांनी पीडित व्यक्तीला मोफत वकील मिळण्याची तरतूदही 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे.

आणखी एक. नुकसानभरपाईचे अनुदान अण्णांच्या खात्यात आले आणि बँकेने ते परस्पर कर्जात वळते केले किंवा खाते रोखून धरले, तर तहसीलदारांकडे लगेच तक्रार करा. मदतीच्या रकमेतून बँकेने कोणतीही वसुली करू नये, असे शासन निर्णयांत लिहिलेले असते.

बहिणीचा प्रवेश थांबवू नका. 2024-25 पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. त्यामुळे तिला कदाचित कर्जच लागणार नाही. वसतिगृहाचा आणि खाण्याचा खर्च उरेल, त्याची तजवीज वेगळी करावी. कर्ज लागलेच, आणि महाविद्यालय केंद्राच्या यादीतील निवडक संस्थांपैकी असेल, तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. तिचे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले आताच काढायला टाका, जूनमध्ये तहसीलला रांगा असतात.

अर्ज मराठीतच लिहा, एका पानात. कर्ज खाते क्रमांक, आजचा पगार आणि त्याची पावती, पीकनुकसानीचा पंचनामा, आज भरलेल्या हप्त्याची पावती, मुदत पंधरा वर्षे करण्याची आणि हप्त्याची तारीख पंधरा करण्याची विनंती, एवढे पुरे. वाळूजहून सुट्टी काढून स्वतः तालुक्याला जा, सोबत अण्णांना न्या, कारण सहकर्जदार म्हणून त्यांचीही सही लागेल. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी शाखाधिकाऱ्याला मान वर करायला वेळ नसतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह बँकेचा शिक्का घ्या आणि ती प्रत अण्णांच्या पासबुकात ठेवा.